लाल घराचा रंग

बाबांचा गोळीचा बोर्ड आहे. तिरपी फळी, तिच्यावर खिळे ठोकलेले. स्प्रिंगचा दट्ट्या ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जाते आणि खिळ्यांना आपटत खालच्या एखाद्या घरात पडते. बक्षीस निळ्या घराला कंगवा, पिवळ्याला आरसा, लालला स्टीलचा डबा. सोयाबीन निघालं की बाबा तो घेऊन आठवडी बाजार आणि जत्रा करतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी रिसोडच्या कॉलेजातून घरी आलो, तेव्हा बोर्डाचा उडालेला रंग भरायचं काम माझ्याकडे आलं. पॉलिश पेपर मारताना माझा हात थांबला. निळ्या घरात गोळी आपटून लाकूड उघडं पडलं होतं, पिवळ्यातही तेच. लाल मात्र काल रंगवल्यासारखं चकचकीत. त्याच्या वरच्या बाजूला दोन भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली.

"बाबा, ही भोकं कायची?"

"खिळे ढिले झाले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे विचारायचा मला धीर झाला नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चार पुस्तकं वाचून आला आणि बापावर संशय घेतो, असं त्यांना वाटायला नको होतं. पण ते वावरात गेल्यावर मी बोर्ड मांडला आणि गोळी सोडत बसलो. चाळीस वेळा. लालमध्ये एकदाही नाही.

"मोजून राह्यला काय?" बाबा मागे उभे होते.

ते खाली बसले.

"शिरपूरच्या बाजारात एका सकाळी तीन डबे गेले. चवथा लागला, तं द्याले नव्हता. लोकायनं बोर्ड उलटा केला. घरी येऊन खिळे सरकवले." मग म्हणाले, "पक्कड आण."

खिळे आम्ही जुन्या भोकांत परत ठोकले. नवी भोकं मी बुजवली, वरून रंग दिला.

बाजारात पहिल्याच गिऱ्हाइकानं फळीवरून बोट फिरवलं. "रंग नवा दिसते, काका. खिळे तं नाही सरकवले?"

"सरकवले," बाबा म्हणाले.

तो हसला आणि त्यानं दट्ट्या ओढला.

आता सुट्टीत घरी आलो की चहाच्या आधी मी ते लाल घर पाहून घेतो. बाबांना ते कळतं. तेवढ्यात ते बाहेर निघून जातात. रंग थोडा घासलेला असतो. गोळीनं की पॉलिश पेपरनं, ते मला अजून ओळखता येत नाही.