पोळपाटावरचं बटर

सासूबाई जाऊन दोन महिने होत आले होते आणि मुलीच्या मित्राचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. मित्र म्हणायचं इतकंच, लग्न करायचं हे दोघांचं ठरलेलं होतं. मुलगा बंगाली, घर इथल्याच जुन्या वस्तीत, बागबाजारला. ही भेट आधी एकदा ठरली होती, पण त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या म्हणून राहिली. आता दुर्गापूजाही होऊन गेली होती. पूजेनंतर इथे लोक एकमेकांकडे मिठाई घेऊन जातात, तेव्हा आम्हीही येतो, असं त्यांनी कळवलं. मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

सासूबाई शेवटची काही वर्षं आमच्या न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळून होत्या. दिवसा एक बाई मदतीला यायची, बाकी सगळं मीच करायची. कूस बदलून देणं, भरवणं, पावडर लावणं. आमच्यात फार गोडवा नव्हता आणि भांडणही नव्हतं. त्या गेल्या तेव्हा हे रडले, साताऱ्याहून नणंद आली ती रडली. मी आल्यागेल्याला चहा करत राहिले. भाड्याने आणलेली दवाखान्यासारखी खाट दुकानदार घेऊन गेला, आणि त्यानंतर दिवसातून बऱ्याचदा मी त्या खोलीत जायची, मधोमध उभी राहायची आणि बाहेर यायची. कशासाठी आले ते आठवायचं नाही. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं.

“आई, पोहे वगैरे नको,” मुलगी म्हणाली. “आणि त्यांच्यातलं पण काही नको. ते लोक लगेच कम्पेअर करतात.”

“मग काय करू?”

तिने फोनवर दाखवलं. लाकडी फळीवर मऊ बटर पसरायचं, त्यावर लसूण, हिरवा पाला, लिंबाची साल घालायची आणि मधे ठेवून द्यायचं. सगळ्यांनी भोवती बसून पावाच्या तुकड्याने त्यातलंच उचलून खायचं.

“एकाच फळीवरून?”

“तेच तर छान आहे. शेअर करायची असते.”

“आपल्याकडे अशी फळी कुठे आहे?”

ती स्वयंपाकघरात गेली आणि पोळपाट घेऊन आली. “हे बघ. ह्याला तर पाय पण आहे.” तिचं मराठी असंच आहे, इथेच वाढलेली. एरवी मी ‘पाय आहेत’ म्हणून दुरुस्त केलं असतं. तेव्हा मात्र नुसता पोळपाट घासून उन्हात ठेवला.

त्या दिवशी सकाळीच मी बिनमिठाच्या बटरच्या वड्या बाहेर काढून ठेवल्या. हवा थोडी सुकी झाली होती, त्यामुळे बटर मऊ पडलं पण वितळलं नाही. लसणाचा अख्खा गड्डा तेल लावून ओव्हनमध्ये भाजला. भाजलेल्या पाकळ्या दाबल्या की आतला गर पेस्टसारखा बाहेर येतो. तो बटरमध्ये घालून लाकडी चमच्याने घोटलं. भाजीवाल्याकडे शेपूची कोवळी जुडी मिळाली होती. ती, थोडी कोथिंबीर आणि थोडा पुदिना बारीक चिरला. इथे गंधराज नावाचं लांबट लिंबू मिळतं, त्याची साल किसली की सगळं घर वासाने भरतं. मी साल किसली. वास आला असणार, कारण मुलगी आतल्या खोलीतून म्हणाली, “काय मस्त वास येतोय.” मी मीठ घातलं, बोटाने चाखलं, पुन्हा चाखलं. कमी आहे की जास्त ते मला कळेना. शेवटी तिलाच बोलावलं. तिने चाखून चिमूटभर आणखी घातलं.

मग मी पाव कापायला घेतला. जाड सालीचे दोन लांबट पाव तिने मुद्दाम एका जुन्या बेकरीतून आणले होते. त्यांचे काप करून तव्यावर कुरकुरीत भाजायचे होते. मी कापत होते, ती बैठकीच्या खोलीत उशांचे अभ्रे बदलत होती. थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली.

“आई, तू कडा का काढतेय?”

मी खाली पाहिलं. ताटात पावाच्या कडांचा ढीग पडला होता. बाजूला पांढरे मऊ चौकोन एकावर एक लावलेले. सासूबाईंना दात नव्हते. रोज सकाळी त्यांच्यासाठी पावाच्या कडा काढून मी आतला भाग दुधात भिजवायची. त्या दिवशी अख्ख्या पावाच्या कडा मी काढल्या होत्या आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

मुलीने माझ्या हातातली सुरी घेतली आणि दुसरा पाव स्वतः कापायला लागली. मी स्टुलावर बसले. ती मधूनमधून माझ्याकडे बघत होती, ते मला दिसत होतं.

पाहुणे पाच वाजता आले. मुलाचे वडील निवृत्त शिक्षक, उंच, हसतमुख. आई ठेंगणी, सुती साडीतली, हातात संदेश या बंगाली मिठाईचा डबा. मुलगा त्यांच्या मागे आणि फार गप्प. आमचं बोलणं हिंदीत, मधे थोडं बंगाली. वडिलांनी बसता बसताच सांगितलं की तुम्ही मराठे आमच्यावर चालून याल या भीतीने जुन्या काळी आमच्याच भागातून खंदक खणायला घेतला होता. “तुम्हाला बाहेर ठेवायला खणलेला. आणि आज आम्हीच तुमच्या घरी आलो.” हे मोठ्याने हसले. मीही हसले, हसायचं असतं तेव्हा.

मुलीने पोळपाट आणून मधल्या टेबलावर ठेवला. बटर तिने चमच्याच्या पाठीने लाटा काढत पसरलं होतं, वर शेपू आणि लाल मिरचीचे बारीक तुकडे. भोवती भाजलेले पाव. मुलाच्या आईने ते पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला.

“सगळे यातूनच?” तिने हळूच मला विचारलं. “मग ते एँटो नाही होणार?”

एँटो म्हणजे आपलं उष्टं. मी तसं सांगितलं, आमचा शब्द सांगितला. तिने तो एकदा म्हणून पाहिला. मी उठून दोघींसाठी छोट्या वाट्या आणायला निघाले, तर तिने माझा हात धरून खाली बसवलं. एक पाव उचलला, कडेचं थोडं बटर घेतलं आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. मग स्वतःसाठी घेतला.

पुरुषमंडळींच्या क्रिकेटच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. तिने विचारलं, “किती वर्षं होत्या अंथरुणावर?”

“चारेक.”

“सगळं तुम्हीच केलंत?”

“हो.”

“रडलात?”

इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. “नाही,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. समजूत घातली नाही, की स्वतःचं काही सांगितलं नाही. पुढचा तुकडा घेतला, खाल्ला, आणि शेपूला बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं.

मग लग्नाचा विषय निघाला. आमच्याकडे घरात कोणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. नणंदेने फोनवर फोन करून ह्यांच्या डोक्यात ते पक्कं बसवलं होतं. हे म्हणाले, “फाल्गुनापर्यंत करून टाकू.” मुलाचे वडील जरा अडखळले. त्यांच्यात उलट. ज्याची आई गेली त्याने वर्षभर घरात शुभकार्य करायचं नाही. “आमचे नातेवाईक मानणार नाहीत,” ते म्हणाले. “पण आईच्या नावाने पुण्य...” हे म्हणाले, आणि दोघंही आपापली बाजू नम्रपणे पुन्हा पुन्हा मांडत राहिले. कोणाचा आवाज चढला नाही. पण दोघंही मागे हटेनात.

“मला वर्षभर काही करायचं नाही,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे म्हणाले, “अगं, तुला कुठे काय करायचंय? माणसं लावू आपण.”

“तुमची रीत, यांची रीत, मला माहीत नाही. माझ्याच्याने आत्ता होणार नाही. लग्नघरात उभं राहायला मला जमणार नाही.”

माझा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याला उद्या दूध नको सांगावं तसा. मुलाची आई म्हणाली, “ठीक आहे. पुढच्या वर्षी.” तिचे यजमान संदेशाच्या डब्याकडे बघत राहिले. मुलगी उठली आणि रिकाम्या बशा घेऊन आत गेली.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“लग्न माझं आहे ना आई. मला विचारायला पाहिजे होती.”

“हो,” मी म्हटलं. “विचारायला हवं होतं.”

“मग का नाही विचारली?”

“बोलून गेले. आधी ठरवलं नव्हतं.”

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. त्यानंतर काही दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. एका दुपारी मी आडवी झाले होते, ती येऊन शेजारी झोपली. म्हणाली, “मी त्याला विचारलं. तो म्हणाला, चालेल.” मग फोन बघत पडून राहिली. मला झोप लागली, उठले तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

नणंदेला ह्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. ती दिवाळीला आली नाही. ह्यांनी मला त्यावरून काही बोलून दाखवलं नाही, आणि तेही बरंच झालं म्हणायचं.

लग्नाला अजून काही महिने आहेत. मुलाची आई दर रविवारी सकाळी फोन करते. मोडक्या हिंदीत आम्ही बोलतो, बहुतेक जेवणात काय आहे एवढंच. कधी दोघींना सुचत नाही, तेव्हा ती फोन न ठेवता तिकडे भांडी लावते आणि मी इकडे भाजी निवडते. परवा तिने विचारलं, “आज काय करताय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “काही करावंसं वाटत नाही.”

“मग इकडे या. मीही काही करत नाहीये.”

मी साडी बदलली, ह्यांना सांगितलं आणि बागबाजारला गेले.