मास्किंग टेपवरचा आकडा

बाइंडिंग निवडायला मला दीड महिना लागला. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारे धातूचे दोन तुकडे, एक पुढे, एक टाचेशी. लिफ्ट नसलेल्या डोंगरावर आपल्या पायांनी चढायचं आणि मग स्की करत उतरायचं, तर ते जितके हलके तितकं बरं, कारण चढताना प्रत्येक पावलाला ते उचलावे लागतात. ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना मी दुसऱ्या स्क्रीनवर ग्रॅम बघत बसायचे. ब्रेक असलेलं घ्यावं तर वजन वाढतं, नसलेलं घ्यावं तर पायातून सुटलेली स्की थेट दरीत जाते. सकाळी एक ठरवायचे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बदलायचे. शेवटी ब्रेक असलेल्यांतलं सगळ्यात हलकं मागवलं आणि मागवल्यावर पुन्हा दुसऱ्या बाइंडिंगांची वजनं बघत बसले.

पुण्याहून मी आधी टेक्सासमधल्या प्लेनोला आले होते. तिथे दोन वर्षं घर ते गाडी, गाडी ते ऑफिस. मग कंपनीने डेन्व्हरला पाठवलं, खिडकीतून डोंगर दिसायला लागले आणि मला एका जागी बसवेना. कोणाशी ओळख नव्हती आणि ती काढायचा माझा स्वभावही नाही. गणपतीच्या जेवणात ताट घेऊन कोपऱ्यात उभी होते, तेव्हा शेजारी एक काका येऊन उभे राहिले. नागपूरचे, साठी ओलांडलेले, मशीन डिझाइनमधून निवृत्त. मी विचारलं नव्हतं तरी ते वीस मिनिटं बर्फावर बोलले. मी ऐकलं. त्यांना तेवढं पुरलं असावं. त्या हिवाळ्यात त्यांच्या स्कीच्या टोळीत मी शेवटची सामील झाले.

टोळीतल्या सगळ्यांची बाइंडिंग काका आपल्या गॅरेजमध्ये बसवून द्यायचे. दुकानात गेलेलं त्यांना अपमानासारखं वाटायचं. त्या शनिवारी त्यांनी माझी स्की टेबलावर आडवी बांधली, मधोमध रेघ आखली, कागदाचा साचा चिकटवला आणि ड्रिलला हात लावण्याआधी तीनदा मापं घेतली. टोळीचा म्होरक्या म्हणजे त्यांचा शेजारी, एक उंच अमेरिकन माणूस, कॉफीचा मग घेऊन बघत उभा होता. त्याचे दोन मित्र होते. भोकं पडली, गोंद भरला, स्क्रू बसले. मग काकांनी तक्ता काढला.

पडल्यावर बाइंडिंगने बूट सोडायला हवा, नाहीतर गुडघा जातो. पण उगाच सोडता कामा नये. किती जोर आला की सोडायचं, ते टाचेवरच्या स्क्रूने ठरवतात आणि तो आकडा निघतो वय, उंची, बुटाची लांबी, किती जोरात स्की करता आणि वजन यांवरून. बाकीचं सगळं मी पटापट सांगितलं.

"आणि वजन? किलोत सांग," काका म्हणाले.

गॅरेजमध्ये चार पुरुष. कोणीही माझ्याकडे विशेष बघत नव्हतं. तरी तो आकडा मला मोठ्याने सांगवेना. मग सुचलं, मराठीत सांगावं. बाकीच्या तिघांना काय कळणार आहे?

"एकोणसाठ," मी हळूच म्हटलं.

माझं वजन सिक्स्टी-नाइन होतं.

हे इंग्लिश मीडियमवाल्यांनाच कळेल. शाळेत आम्ही मराठी आकडे पाठ केले ते परीक्षेपुरते. त्यानंतर भाजीवाल्याने दर सांगितला की मी आईकडे बघायचे. डोक्यात आकडा इंग्रजीतच येतो, मग त्याचं मराठी करताना सिक्स्टीचे साठ आधीच तोंडात येतात आणि त्यालाच नऊसाठी एकोण जोडला जातो. झालं एकोणसाठ. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे मला माहीत आहे. थांबून विचार केला तर मला सगळं माहीत असतं.

काकांनी मास्किंग टेपचा तुकडा स्कीवर लावला आणि मार्करने ठळक लिहिलं: 59.

तेव्हा मला चूक दिसली. तोंड उघडणारच होते, इतक्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी टेप वाचला. "एकोणसाठ! बघा, आणि ही मला म्हणते, काकू पोहे अर्धेच वाढा." मग माझ्या पाठीवर थाप मारून, "मला वाटलं होतं जरा जास्त असेल गं. अंगकाठीच तशी आहे."

मी चहा घेतला. काकांनी स्क्रू साडेचारवर आणून ठेवला.

पुढच्या रविवारी एका सोप्या उतारावर माझी डावी स्की पायातून निघाली. बर्फ झाडून पुन्हा घातली. वीस वळणांनंतर उजवी निघाली. मी पडले ती मऊ बर्फात, लागलं काहीच नाही. पण काका वरून उतरून आले ते चेहरा पाडून.

"बाइंडिंगच्या पिनांखाली बर्फ साचला असेल," मी म्हटलं.

"साफ तर आहे." त्यांनी हातमोजा काढून बोटाने चाचपलं. "टाचेमागची फट बरोबर, स्प्रिंग नवी. माझंच भोक तिरकं पडलं असणार."

शेजारी जवळ आला. काकांसमोरच मला म्हणाला की एकदा दुकानात दाखवून घे, किंवा उतरताना पुढचा खटका लॉक कर, म्हणजे सुटायचंच नाही. काका एकदम म्हणाले, "नो लॉकिंग. हर नी विल गो." मग गाडीपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. माझी स्की त्यांनीच खांद्यावर घेतली आणि आपल्या गाडीत ठेवली.

तो आठवडा मी धड बसले नाही. येत्या शनिवारी टोळी जिथे जाणार होती, तिथे एका कड्याच्या डोक्यावरून आडवं जायचं होतं. तिथे स्की सुटणं म्हणजे मऊ बर्फात पडणं नव्हे. जायचं नाही असं ठरवलं तर सुटले असते. तीन वेळा तसा मेसेज लिहिला आणि पुसला. गुरुवारी काकांचाच मेसेज आला: जुनी भोकं बुजवून एक सेंटिमीटर पुढे नवीन पाडतो. खाली फोटो. टेबलावर माझी स्की, बाइंडिंग काढलेलं, आणि टेप तसाच: 59.

ऑफिसातून तशीच निघाले. गॅरेजचं दार उघडं होतं. काका चष्मा कपाळावर ठेवून साचा चिकटवत होते.

"ये. बघ, या वेळी ड्रिल सरळ धरायला जिग नवीन केलंय."

"काका, ड्रिल नका करू."

"का गं? दुकानात नेतेस का?"

"नाही. माझं वजन एकोणसाठ नाहीये. सिक्स्टी... एक मिनिट." मी थांबले. "एकोणसत्तर."

त्यांनी चष्मा खाली घेतला. आधी माझ्याकडे बघितलं, मग भोकांकडे. ती सहाच्या सहा सरळच होती.

"इंग्लिश मीडियम," ते म्हणाले आणि हसायला लागले. "अगं, माझी मुलगी अजून अठ्ठावन्नला अठ्ठ्याण्णव म्हणते!"

तिथेच थांबता आलं असतं.

"पण तुम्ही लिहिलं तेव्हा मी वाचलं होतं," मी म्हटलं.

हसू थांबलं. ते साच्याची कडा नखाने सोडवायला लागले.

"चार रात्री मी हातांकडे बघत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, कापायला लागले की काय."

त्यांनी जुन्याच भोकांत बाइंडिंग बसवलं, तक्त्यात एक ओळ खाली गेले आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तूच फिरव. साडेपाच." बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीतली खूण सरकली. दुसऱ्या स्कीचीही सरकवली. मग त्यांनी टेप ओढून काढला आणि चुरगळला. "शेजाऱ्याला मी सांगतो, बर्फ अडकला होता. तू काही बोलू नकोस."

मी हो म्हटलं. घरी जाताना सगळ्या सिग्नलना त्यांचं 'काही बोलू नकोस' ऐकू येत होतं.

शनिवारी पार्किंगमध्ये थंडीने बोटं वळत नव्हती. मी डॅशबोर्डवरून टेप घेतला, दोन्ही स्कींवर लावला आणि लिहिलं: 69. शेजारी वाकून बघायला लागला.

"सिक्स्टी-नाइन व्हॉट?"

काका मागून म्हणाले, "काही नाही, नथिंग, स्नो वॉज..."

"किलो," मी इंग्रजीत म्हटलं. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा आला. त्याचे दोन्ही मित्र वळले. "माझं वजन. मी काकांना चुकीचं सांगितलं होतं. त्यांची भोकं बरोबर होती."

शेजारी काकांना म्हणाला, "देन आय ओ यू अ बिअर." काकांनी नुसती मान हलवली आणि खाली वाकून माझी टाच दाबून बघितली. खट आवाज झाला. त्यांनी पुन्हा एकदा दाबली, मग दुसरी.

"चल," म्हणाले, "पुढे हो. मी मागून बघतो."