लेकीचं पथ्य

मुलगी पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं, स्पीच थेरपी सुरू होती, आणि तरीही मुलुंडच्या एका निसर्गोपचारवाल्यांकडे आम्ही गेलोच. सासूबाईंना नातीच्या तोंडून एकदा तरी ‘आजी’ ऐकायचं होतं. मला काय ‘आई’ ऐकायचं नव्हतं?

त्यांनी पोटावर मातीची पट्टी सांगितली आणि गहू, दूध, मासे बंद केले. आम्ही मालवणी माणसं. पोरीला एकटीला पथ्य नको म्हणून सासूबाईंनी आमच्या घाटकोपरच्या घरात श्रावणासारखे सगळ्यांचेच मासे बंद केले. पण श्रावण संपणार हे आपल्याला ठाऊक असतं. तिला कोण समजावणार? ती मुळात भात आणि तळलेला बांगडा एवढंच खायची. आता तिने भातही सोडला. बांगड्याशिवायचा भात तिच्या लेखी भातच नव्हता.

आठवडाभरात तिचे गाल बसले. स्वतःचा हात चावायला लागली. मी घाबरून उपचारवाल्यांना फोन केला.

“आधी त्रास वाढतो, ताई. म्हणजे गुण येतोय.”

“आणि कमी झाला असता तर?”

“तोही गुणच.”

माझं डोकंच फिरलं. “मग गुण आला नाही, हे कधी कळणार?”

“श्रद्धा ठेवा.”

माती, पथ्य, थेरपी, सगळं एकदम चालू होतं. उद्या ती बोलली असती तरी कशामुळे, हे आम्हाला सांगता आलं नसतं. उपाशी कशामुळे होती, ते मात्र समोर दिसत होतं. सासूबाई सगळं ऐकत होत्या. 

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. सासूबाई सकाळीच बाजारातून बांगडे घेऊन आल्या. मी नुसती बघत राहिले.

“देवाक मी सांगान काय ता,” त्या म्हणाल्या. “बोलात तेवा बोलात. आदी जेवांदे तिका.”

पोरगी जेवली. एक घास संपला की सासूबाईंचं मनगट धरून त्यांचा हात ताटाकडे ओढायची. त्या काटे काढत होत्या आणि रडत होत्या, आणि तिला मात्र पुढच्या घासाची घाई झाली होती.