चौथी स्वराली

“चार हायेत, आक्का, चार! एका वर्गात चार स्वराल्या!”

“असू दे की. आपल्या गल्लीत तीन बजरंग हायेत, त्यातला एक तुझा नवरा. चुकून दुसऱ्याच्या घरी गेलीस का कधी?”

“चेष्टा करू नका. शाळंत माझ्या लेकराला ‘काळी स्वराली’ म्हणायलेत.”

भाकर उलटायला गेलेला राजेश्रीचा हात थबकला. भाकरीला फोड आला, करपल्याचा वास सुटला, तरी निकिता काही थांबली नाही.

“एक गोरी स्वराली, एक जाडी स्वराली, एक चष्म्याची. ऱ्हायली माझी. तिला दुसरं काय म्हणतेल मग?”

“आन् सर काय झोपा काढायलेत का? सरानं दटवावं की पोरांला.”

“सर न्हाई म्हणत काळी. सरानं नंबर देलेत. ‘स्वराली नंबर चार, उभी ऱ्हा.’ परवा मला म्हणली, मम्मी, नंबरापेक्षा काळी बरंय.”

राजेश्रीनं करपलेली भाकर आपल्या ताटात टाकली आणि नवा गोळा परातीत घेतला.

ओसरीवर बजरंग बाजेची सुंभं आवळत होता. बायको आणि बहीण भांडायला लागल्या की त्याला घरातलं एखादं ढिलं झालेलं काहीतरी हमखास सापडायचं. म्हातारी गोजरबाई नातीची वेणी घालत होती. आणि जिच्यावरून हे सगळं पेटलं होतं ती सहा वर्षांची पोर, डोकं आजीच्या मुठीत अडकलेलं असल्यामुळं, नुसते डोळे फिरवून कधी आईकडं बघायची, कधी आत्याकडं.

भांडण तसं आठवडाभराचं, पण आज त्याला मुदत होती. पोरीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं. आईचं, बापाचं, तारखेचं सगळं भरलेलं, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. जन्माची नोंद केली तेव्हा बारसं व्हायचं होतं. मग बारसं झालं, दसरा आला, बजरंग-निकिता ऊसतोडीला गेले, आणि ‘आल्यावर बघू’ म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. आता शाळेनं नाव चढवलेला दाखला मागितला होता. अकरा वाजता ग्रामसेवक यायचे होते. आज त्या कोऱ्या जागेत जे बसेल ते जन्माचं.

“स्वरालीच लिवायचं,” राजेश्री म्हणाली. “आत्याचा मान हाय तो. कानात सांगितलेलं नाव माघारी घेत नसतेत.”

“मान हाय म्हणून मी सहा वर्ष गप बसले की!”

राजेश्रीला मानाच्या नावावर जगात एवढंच मिळालेलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आजवर कुणी त्या नावाला हात लावला नव्हता.

अठराव्या वर्षी तिचं लग्न पालमकडच्या दत्तरावाशी झालं आणि लग्नाची हळद उतरायच्या आत दोघं कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला तिथं अर्धा कोयता म्हणतात. कारखान्याच्या तळावर ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. तळाच्या कडेला पत्र्याची एक साखरशाळा होती, तोडायला आलेल्यांच्या लेकरांसाठी. तिथली बाई रोज सकाळी स्कूटीवर यायची, पुढं तिची चिमुरडी उभी. पोरगी उतरली की चिखलाकडं धावायची, आणि बाई ओरडायची, “स्वराली! स्वराली, इकडं ये!”

राजेश्री टाकीवर पाणी भरत होती. घागर भरून वाहायला लागली तरी तिनं ती सरकवली नाही. तिच्या माहेरी नावं कशी, तर एक देवाचं, एक आजीचं, एक पंचमीला झाली म्हणून पंचमीचं. हे नाव कुणाचंच नव्हतं. उसात दिवसभर वाकून मोळ्या बांधताना तिनं ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. कुणाला सांगितलं नाही. दत्तरावालासुद्धा नाही. आपल्याला मुलगी झाली की ठेवायचं, आणि मुलगीच व्हावी.

आठ वर्षं गेली. मूल झालं नाही. दवाखाने झाले, अंगारे झाले, सासूचे टोमणे झाले, आणि एका वैशाखात दत्तरावानं दुसरी करून आणली. “तू बी ऱ्हा की, कोण न्हाई म्हणतंय,” असं तो म्हणाला होता. राजेश्रीनं दोन लुगडी आणि एक स्टीलचा डबा पिशवीत घातला आणि पालमच्या स्टँडवर येऊन बसली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. माहेरी आली ती आलीच.

चार-सहा महिन्यांत निकिताला मुलगी झाली. निकिताला आई नव्हती, त्यामुळं पहिलं बाळंतपण सासरीच निघालं. राजेश्रीनं सगळं केलं: शेक, शेगडी, डिंकाचे लाडू. आणि बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून पोरीच्या कानात म्हणाली, “कुर्रर्र! स्वराली!” रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या हाणल्या. इतक्या हाणल्या की ती पाळण्यावर पडता पडता राहिली, आणि हसत राहिली.

“अगं पण मतलब काय त्या नावाचा?” शेजारणीनं विचारलं.

“लय मोठा हाय. बारशाला सांगत नसतेत.”

“आणलंस कुठून?”

“आणायचं काय? सुचलं मलाच.”

तेव्हापासून घरात ते नाव अख्खं घेणारी एकटी तीच. गोजरबाईची जीभ वळायची नाही, ती ‘छबी’ म्हणायची. बजरंग ‘चिमणे’ म्हणायचा. दसरा झाला की तो आणि निकिता ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला जायचे, अंगावरचं दूध सुटल्यापासून पोर आत्यापाशी राहायची. जेवायला, न्हायला, झोपायला, दिवसातून पन्नास वेळा राजेश्री हाक मारायची, “स्वराली!” शेतापलीकडून मारायची. चैतात निकिता परत यायची तेव्हा पोर आधी आत्याच्या मागं लपायची आणि मग आईला ओळखायची.

निकिता ते बोलून दाखवत नव्हती. आज तिनं तेही काढलं.

“सहा महिने तुमच्यापाशी, सहा महिने माझ्यापाशी. नाव तुमचं, सवयी तुमच्या. मी आल्यावर पाव्हण्यावाणी बघती माझ्याकडं. पण त्याचं बी मी काय म्हणलं न्हाई. आता मात्र म्हणत्ये. माझ्या लेकराला नंबर लागला.”

“नाव चांगलं हाय म्हणून चौघींनी ठेवलं, वाईट असतं तर ठेवलं असतं का?” राजेश्री म्हणाली. आवाज मोठा निघाला, पण त्यात दम नव्हता. कारण कालचा दिवस तिच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता, आणि तो तिनं कुणाला सांगितला नव्हता.

काल ती ताडकळसच्या बाजाराला जाते म्हणून निघाली होती. मध्येच, शाळेच्या फाट्यावर, जीपमधून उतरली. चार स्वराल्या असतात हे तिला पटलंच नव्हतं. निकिताचं काहीतरीच, एखादी शर्वरी असंल, एखादी सायली असंल. जेवणाची सुट्टी होती. पोरं मैदानात सांडली होती. राजेश्री फाटकाशी उभी राहिली, आपली पोर पार भिंतीकडं, पाठमोरी, एकटीच डबा खात बसलेली तिला दिसली. आणि तिनं शेतापलीकडून मारावी तशी हाक मारली.

“स्वराली!”

तीन पोरींनी वळून बघितलं. एक गोरी, एक जाडी, एकीला चष्मा. भिंतीकडची पोर वळली नाही. मान वर नाही, घास थांबला नाही. शाळेत ते नाव आपल्यासाठी नसतं, हे तिनं दहा दिवसांत शिकून घेतलं होतं.

राजेश्रीला दुसऱ्यांदा हाक मारवली नाही.

“कोणती स्वराली पाहिजे, मावशी? माझी का?” शेजारी एक पंचविशीतली बाई डबा घेऊन उभी होती. हसरी, मोकळी. चष्म्याच्या स्वरालीची आई. नाव पिंकी. “लय झाल्यात आता. सर बी बेजार झालेत.”

“तुमी कुठून आणलं हे नाव?” राजेश्रीनं विचारलं. सहज विचारल्यासारखं.

“कारखान्यावरून!” पिंकी खिदळली. “मी ल्हानी होते तवा कोल्हापूरकडं आई-बाप ऊस तोडायचे. तळावर साखरशाळा होती. तिथल्या बाईची पोरगी आमच्यासंगं बसायची, तिचं नाव स्वराली. काय फ्रॉक असायचे बाप्पा तिचे! आमी समद्या पोरींनी तवाच ठरवलं होतं. मोठं झालं की आपल्या पोरीचं हेच ठेवायचं. आन् गंमत सांगू? घरी मी काय सांगितलं, तर मलाच सुचलं म्हणून.”

टाळीसाठी तिनं हात पुढं केला. राजेश्रीनं टाळी दिली. मग ती बाजाराला न जाताच परतीच्या जीपमध्ये बसली. चौदा वर्षं एकटीनं जपलेली गोष्ट त्या टाकीच्या पलीकडं, पत्र्याच्या शाळेत बसलेल्या सगळ्या पोरींनी जपलेली होती. ती पाणी भरत होती तेव्हा त्या तिथंच होत्या. आता त्यांना लेकी झाल्या होत्या.

“बोला की,” निकिता म्हणाली. “गप कामून झाल्या?”

राजेश्री म्हणाली, “पोरं चिडवतेत चार दिवस. मग इसरतेत. मला बी ‘वांझ’ म्हणले, मी काय नाव बदललं का?”

बजरंगचा हात सुंभावर थांबला. गोजरबाई “शिव शिव” म्हणाली.

तेवढ्यात वेणी घालून झाली, तशी पोर उठली. आत्याजवळ आली, आणि मघापासून विचारायचं राहून गेलेलं तिनं विचारलं.

“आत्या, काल तू आमच्या शाळंत आल्तीस ना? पोरी सांगत होत्या.”

राजेश्री परातीकडं बघत राहिली.

“मला न्हाई भेटलीस. दुसऱ्या स्वरालीला भेटायला आल्तीस का?”

निकितानं आधी पोरीकडं बघितलं, मग नणंदेकडं. बाजाराला म्हणून गेलेली बाई रिकाम्या पिशवीनं का परत आली होती, ते तिला आत्ता कळलं असावं. तिच्या अंगातला राग उतरला. ती चुलीपाशी येऊन उकिडवी बसली, आणि दाखल्याचा कागद गुडघ्यावर ठेवून हळू बोलायला लागली.

“आक्का, ऐका माझं. मान तुमचाच हाय. माझ्या मनानं मी कायबी लिवणार न्हाई, देवाशप्पथ. आत्या तुमी हाय, दुसरं नाव बी तुमीच सांगा. पाह्यजे तर परत पाळणा बांधू. बायका बोलवू.”

“हां, हे बेस झालं,” बजरंग पहिल्यांदा बोलला. “सांग आक्का. तुला सुचतं चांगलं.”

“एखादं देवाधर्माचं सांग माय,” गोजरबाई म्हणाली. “मला म्हणता येईल असं.”

“माझं नाव बदलणार?” पोर टाचा उंचावून कागदात बघत होती. “मंग मला नंबर नसंल ना? आत्या, कोणतं ठेवणार? सांग ना. लवकर सांग ना.”

निकितानं पेनाचं टोपण काढलं. सगळे राजेश्रीच्या तोंडाकडं बघत होते, अगदी प्रेमानं बघत होते, आणि तेच तिला सोसेना. तिनं मनात हात घालून चाचपडून बघितलं. तिथं दुसरं काही नव्हतं. माणूस एकाच लेकराची आस धरतं, आणि नावही एकच जपून ठेवतं.

“आक्का?” निकिता म्हणाली. “काय लिवू?”

राजेश्रीनं पिठाचे हात पदराला पुसले. तव्याखालचं लाकूड मागं ओढलं, पोरीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि उंबरा ओलांडून अनवाणीच शेताच्या वाटेला लागली.