टुटीफ्रुटीचा नाला

आमच्या नाल्याला एके दिवशी गुलाबी पाणी आलं, तेव्हा गल्लीतली पोरं नाचली. पुढे हिरवं आलं, मग पिवळं. आमच्या शहादा तालुक्यात पपई उदंड. कच्च्या पपईचे तुकडे मिठाच्या पाण्यात मुरवायचे, साखरेच्या पाकात घालायचे, रंग द्यायचा, की झाली टुटीफ्रुटी. केकवर, पानात घालतात ती. तिचा कारखाना गावाच्या वरच्या अंगाला नवा निघाला होता आणि उरलेलं मिठाचं, पाकाचं पाणी कारखान्याचे शेठ सरळ नाल्यात सोडत होते. तो नाला आमच्या गल्लीच्या विहिरीला खेटून जातो.

वर्ष उलटायच्या आत विहिरीचं पाणी आंबूस लागायला लागलं. तूरडाळ शिजेना. कुकरच्या शिट्ट्यांनी शेजारीण जागी व्हायची, पण डाळ टणक ती टणकच. आणि चहा! दूध घातलं रे घातलं की फाटलाच. आमच्याकडे दारात आलेल्याला चहा न देता पाठवणं म्हणजे हाकलून देणंच, म्हणून घरोघर विकतच्या पाण्याचे जार आले. तेही पाहुण्यांपुरते. घरच्यांनी आंबूस प्यायचं आणि पाहुण्यांना जारचं! सासूबाई तर त्या जारवर धुतलेलं फडकं घालून ठेवायच्या. मी म्हणायचे, "आत्याबाई, आजारी आपण पडायचं आणि चांगलं पाणी पाहुण्याने प्यायचं, हा कुठला न्याय?" त्या म्हणायच्या, "पाव्हना काय रोज येस का?"

तेवढ्यात माझ्या लेकीचं पोट बिघडायला लागलं. बरी व्हायची, पुन्हा पडायची. चेहरा एवढासा झाला होता तिचा. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. बाहेर येऊन मी यांना म्हटलं, पाणी नाही बदलायचं, नाला बदलायचा. माझा नवरा तसा शांत माणूस. म्हणाला, "आपली पपई त्याच कारखान्यात जाते, विसरू नकोस." मी म्हटलं, "पपई तिकडे जाते आणि तिचं पाणी आपल्या पोरीच्या पोटात येतं. काहीएक विसरलेली नाही मी!" प्रदूषण खात्याला अर्ज केला. अर्जाखाली गल्लीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले.

खात्याचा फोन ग्रामपंचायतीत आला, साहेब नमुना घ्यायला येताहेत म्हणून. आणि नेमकी मी धानोऱ्याला, भावाच्या मुलीच्या हळदीला. परत आले तर गाव ओळखू येईना. नाल्यातला चिखल जेसीबी लावून काढलेला. काठाला चुना. विहीर मोटर लावून उपसलेली, गाळ काढलेला, वर लाल औषध टाकलेलं, आणि कडी म्हणजे लांबच्या बोअरवेलचं गोड पाणी टँकरने आणून विहिरीत ओतलेलं! का? तर साहेब येणार. एवढा मोठा माणूस गावात येणार आणि विहीर अशी घाण दाखवायची? रांगोळ्यासुद्धा घातल्या होत्या हो बायकांनी, अर्जावर सह्या करणाऱ्या त्याच बायकांनी. साहेबांनी टँकरच्या पाण्याचा नमुना घेतला, सासूबाईंच्या हातचा जारच्या पाण्याचा चहा घेतला आणि माझी बस फाट्यावर थांबली तेव्हा त्यांची जीप गेलीसुद्धा होती.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काही विचारू नका. भर गल्लीत बोंबलले मी. "अगं बायांनो, डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जाता का गं?" सगळ्या आपापल्या रांगोळीकडे पाहायला लागल्या. सासूबाई मात्र ठणकावून म्हणाल्या, "साहेब म्हने, चहा झकास व्हयना." चहा झकास झाला म्हणे! मी कपाळाला हात लावला.

रिपोर्ट आला. पाणी समाधानकारक. शेठ रस्त्यात भेटले तेव्हा हात जोडून म्हणाले, "ताई, आता सरकारच सांगतंय, मी काय बोलू?" वाईट माणूस नव्हता तो. दिवाळीला घरोघर टुटीफ्रुटीचे डबे पाठवायचा. पण त्या दिवशी तो हसला, आणि ते हसू माझ्या मनातून जाईना. लेक घरात पोट धरून निजलेली आणि कागद म्हणतो समाधानकारक. मी त्या संध्याकाळी न्हाणीघरात जाऊन रडले. रागानेच रडले.

मग ठरवलं, आता समोरासमोर. यांना म्हटलं, मोटरसायकल काढा. यांनी लगेच किल्ली घेतली, आणि तेव्हाच मला कळलं की हेही माझ्याच बाजूचे आहेत. प्रदूषण खात्याच्या ऑफिसात तेच साहेब होते. टँकरपासून रांगोळीपर्यंत सगळं सांगितलं. साहेब आधी हसू दाबत होते, मग गंभीर झाले. म्हणाले, "आम्हाला आधी कळवायचं बंधन नाही. कायद्याने केव्हाही येता येतं. गावाला त्रास नको म्हणून फोन केला होता."

"मग आता म्हसावदच्या बाजाराच्या दिवशी या," मी म्हटलं. "त्या दिवशी गाव रिकामं असतं, तेव्हाच कारखान्याचं पाणी सुटतं. आणि फोन कुणालाही करू नका."

"तुम्हालाही नको?"

"मला तर मुळीच नको. माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नाही."

त्यानंतर दर बाजाराला मी घरीच. सासूबाईंना संशय यायला लागला, बाजार आवडणारी सून बाजार का चुकवते म्हणून. गुडघा दुखतो म्हणाले. त्यांनी गुडघ्याला तेल चोळून दिलं आणि त्या दिवसापासून स्वतःही बाजाराला जायच्या थांबल्या, माझ्या सोबतीला! आता बोला.

आणि एका बाजाराच्या दिवशी जीप आली. सरळ कारखान्याकडे गेली. मी पदर खोचून मागोमाग. पाइपातून धो धो गुलाबी पाणी पडत होतं, वर फेस. साहेबांनी मॅनेजरला बोलावलं, त्याच्यासमोर बाटल्या भरल्या, झाकणांवर सील लावलं, सही घेतली. मॅनेजरचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! मग साहेब म्हणाले, आता विहीर.

इथे खरी लढाई. सासूबाईंनी जीप पाहिली होती. मी पोचले तेव्हा त्यांच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात लाल औषधाची बाटली, आणि पावलं विहिरीकडे.

"आत्याबाई, एक थेंब टाकायचा नाही!"

"पाव्हना येई ऱ्हायना नि हिर अशी दखाडू? लोके काय म्हनतीन?"

"लोकांना म्हणू दे. हात लावायचा नाही म्हणजे नाही."

बाटलीवरून आमची ओढाओढ झाली. साहेब उभे राहून पाहताहेत, आणि आम्ही सासूसुना विहिरीच्या काठावर हमरीतुमरीवर. शेवटी बाटली मी घेतली. साहेबांनी नमुना घेतला आणि मी घरात जाऊन विहिरीच्याच पाण्याचा चहा टाकला. दूध घालताच चोथापाणी वेगळं झालं. पातेलं तसंच उचलून बाहेर आणलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मन्हं नाक कापाले निंघनी तू," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला फार लागलं ते. पण मी पातेलं खाली ठेवलं नाही. म्हटलं, "साहेब, मागच्या वेळी तुम्ही जारचा चहा प्यायलात. आम्ही पितो तो हा." त्यांनी पातेल्यात पाहिलं, आत खाटेवर निजलेल्या माझ्या लेकीकडे पाहिलं.

या वेळचा रिपोर्ट आला तो सगळ्या गावाने वाचला. कारखान्याला बंदची नोटीस. सांडपाणी शुद्ध करायची टाकी बांधल्याशिवाय सुरू करायचा नाही. वीजसुद्धा तोडली. मग काय, पपईवाले आमच्या दारात भांडायला! हे ओट्यावर उभे राहून म्हणाले, "पपई माझीही पडून आहे. दुसरीकडे नेऊ, पण गुलाबी पाणी नको." उभ्या संसारात मी या माणसाला एवढं मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. शेठनी कुरकुर केली, वरपर्यंत जाऊन पाहिलं, आणि अखेर टाकी बांधलीच. पावसाळ्यानंतर कारखाना पुन्हा सुरू झाला, पपई पुन्हा जायला लागली, आणि नाल्याला पाणी आलं ते पाण्याच्या रंगाचं. त्या टाकीकडे पाहिलं की अजून माझी छाती फुगते. लपवू कशाला?

विहीर मात्र लगेच सुधारली नाही. उपसत राहिलो, पावसाने भरत राहिली. लेक हळूहळू सावरली, शाळा बुडायची थांबली. सासूबाई माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतंच. जार फडक्यासकट कोपऱ्यात तसाच होता.

परवा साहेब शेवटची तपासणी करायला आले. पुन्हा न कळवता. त्यांनी बाटल्या भरल्या, ओट्यावर टेकले. मी चहा टाकायला उठले तर सासूबाईंनी मला खाली बसवलं. स्वतः कळशी घेऊन विहिरीवर गेल्या. जारकडे पाहिलंसुद्धा नाही. चहा झाला, तो कपात न ओतता त्यांनी पातेलंच उचललं, बाहेर नेलं, साहेबांच्या नाकासमोर धरलं.

"दखा साहेब. आपली हिरना पाणीना चहा शे हाऊ. फाटना का?"

साहेब म्हणाले, "नाही फाटला, आजी."

"मंग प्या," त्या म्हणाल्या, आणि पहिला कप त्यांनी माझ्या हातात दिला, दुसरा साहेबांना.