पोट सुटलेले खांब

फुलचूरला आमचं घर बांधायला काढलं, तेव्हा मी शाळेत नुकताच चित्रकलेचा मास्तर झालो होतो आणि नागपुरात शिकताना काढलेली कलेच्या इतिहासाची वही माझ्या डोक्यात गेली होती. पोर्चला दोन गोल खांब येणार होते. मी मिस्त्रीकाकांना वही उघडून दाखवली. प्राचीन ग्रीक लोक देवळाचे खांब मध्ये किंचित फुगीर ठेवत, कारण अगदी सरळ खांब लांबून पाहिला की मध्ये बारीक वाटतो.

मिस्त्रीकाकांनी वहीकडे न बघता ओळंब्याची दोरी गुंडाळली.

"सर, माह्या हातचा खांब आजवर वाकडा नाही झाला. आता त्याले पोट कायले काढू?"

"वाकडा नाही काका, फुगीर."

"लोकायले फरक समजते का?"

पण मी घरमालकाचा मुलगा, वर शिकलेला, म्हणून त्यांनी ऐकलं. 'किंचित' म्हणजे किती, हे काही वहीत सापडेना. मी हाताने हवेत दाखवलं आणि त्यांनी तेवढंच प्लास्टर चढवलं. लग्नाच्या पंगतीतून जेवून उठलेले दोन व्याही दारात उभे असावेत, तसे खांब झाले.

वास्तूला आलेला प्रत्येक पाहुणा आधी खांबांकडे बघायचा, मग मिस्त्रीकाकांकडे. एकाने नव्या मोबाईलने फोटोही काढला. "लगता है मिस्त्री का हाथ बिगड़ गया," असं तो माझ्यादेखत म्हणाला. मी त्याला ग्रीसबद्दल सांगायला लागलो, तर त्याने बुंदी मागितली.

महिनाभरात मुर्री गावातल्या एका घराच्या खांबांचं जवळजवळ ठरलेलं काम काकांच्या हातून जायची वेळ आली. खापर माझ्यावर फुटायला हवं होतं, फुटलं त्यांच्यावर. मला फार लाज वाटली. वही काखेत मारून मी मुर्रीच्या त्या घरी गेलो आणि पोट कुणाच्या डोक्यातून निघालं ते सांगितलं. तिथल्या मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमच्यासंग राहून बिघडला म्हना तो."

काम त्याने काकांनाच दिलं. अट एकच, काम चालू असेपर्यंत सरांनी तिकडे फिरकायचं नाही. मी ती पाळली.

तिथले खांब पूर्ण झाल्यावर काकांनीच निरोप धाडला. आम्ही दोघं रस्त्यापलीकडे उभे राहिलो. खांब अगदी ओळंब्यात होते, कुठे सुताचा फरक नाही.

"कसे दिसून राहिले?" काकांनी विचारलं.

"एकदम सरळ," मी म्हणालो. या वेळी वही घरी ठेवून आलो होतो.

काका डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"मधात बारीक दिसून राहिले," ते म्हणाले. "सर, तुमी माहे डोळे खराब करून टाकले."