फाटकाजवळचं ओलं काँक्रीट

पोलिसाची आठवण म्हटली की वाचणारा आधीच सावरून बसतो. खून असेल, दरोडा असेल, निदान एखादी पांढरी गाडी तरी भरधाव पळेल. तर तसलं काही नाही. माझ्या गोष्टीत टिनाचे चार पत्रे आहेत, लाल फडकी आहेत आणि ओली पोती आहेत. परवडत असेल तर वाचा. मी मात्र नोकरीतलं बाकी सगळं विसरलो तरी हे डोक्यातनं जात नाही.

मी सांगली जिल्ह्यात हवालदार म्हणून रिटायर झालो. शाळेपासनं मला लोकांचे आवाज काढायची खोड. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, नगरसेवक, एकदा ऐकला की माझ्या गळ्यात बसला. ठाण्यात मोठ्या साहेबांच्या आवाजात इंटरकॉमवरनं चहा मागवलेला माणूस मी. तो चहा खऱ्या साहेबांच्या टेबलावर गेला ते सोडा.

आमचा फौजदार माझ्याच बॅचचा. साताऱ्याच्या मैदानावर भरतीला आम्ही एकाच दिवशी पळालो आणि पळण्यात मी त्याच्या पुढं होतो. हे मी त्याला महिन्यातनं एकदा तरी ऐकवायचो. पुढं त्यानं खात्याची परीक्षा दिली, मी आवाज काढत बसलो. रोज सकाळी सॅल्यूट मात्र मला त्याला ठोकावा लागायचा. पेपरात त्याचा फोटो आला की त्या दिवशी मी भजी आणून बरोबर त्याच पानावर खायचो. तेल फोटोवर उतरेपर्यंत उठायचो नाही.

गाव पलूसच्या पुढचं, नाव नको. गावात शिरताना रेल्वेचं फाटक. फाटकापासनं बाजारापर्यंतचा रस्ता असा की रिक्षात बसलेल्या माणसाला आपल्या हाडांची गणती कळावी. शेवटी नगरपरिषदेनं तो काँक्रीटचा करायला घेतला. एक तुकडा ओतायचा, पुढचा खणायचा, बाजूनं निम्म्या रस्त्यानं गाड्या सोडायच्या. वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खाजगी जीपा फाटकालगत लागायच्या, त्यांचा थांबा उचलून रुळापलीकडं टाकला. वडापवाले तापले. कामावर देखरेखीला नवा मुकादम नेमला, कंत्राटी, अजून पक्का झाला नव्हता. हे काम नीट पार पडलं तर कायम करू, असं त्याला मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलेलं.

सोमवारी सकाळी फाटकावरच्या गेटमनचा ठाण्यात फोन आला. खणलेल्या खड्ड्यापुढं लावलेले पत्रे आणि लाल फडक्याच्या काठ्या कुणीतरी मागच्या नाल्यात फेकल्यात. नगरपरिषदेचा कॅमेरा होता, पण तो बसवल्यापासनं आभाळाकडं तोंड करून होता. त्यात दोन कावळे सापडले.

तपास फौजदाराकडं. त्यानं सरळ हिशोब केला: थांबा हलवला, म्हणून वडापवाल्यांनी खोडी काढली. चौघांना आणून बाकावर बसवलं. त्यातला एक मला म्हणाला, "आवं हवालदार, पत्रं फेकून आमची जीप खड्ड्यात घालू व्हय? आमीच तितनं रोज पन्नासदा जातोय." मला पटलं. पण मी ते फौजदाराला बोललो नाही. चुकू दे की त्याला, म्हटलं.

मंगळवारी पुन्हा पत्रे नाल्यात. या खेपेला मी सातच्या आत जागेवर पोचलो. माझी नजर मात्र खड्ड्यावर नाही, अलीकडच्या ओतलेल्या काँक्रीटवर गेली. पोती चिंब ओली. कडेला मातीची बारीक आळी, म्हणजे पाणी अडवायचे बांध घातलेले, त्यात पाणी उभं. मुकादम आठला आला तेव्हा त्याला विचारलं, टँकर कधी आला? तो म्हणाला, टँकर साडेआठला येतो. मग हे पाणी कुणी घातलं? त्याला वाटत होतं गेटमन घालतो, भला माणूस आहे. गेटमनला वाटत होतं मुकादमाचा माणूस घालतो. आणि आळी? मुकादम म्हणाला, "आमी नुसती पोती टाकतो सायेब. आळी करायची जुनी रीत हाय, आता कोण करतंय."

मी तिथंच उभा राहिलो. चोर आला, काम बिघडवायला पत्रे फेकले, आणि जाताना काँक्रीटला पाणी पाजून गेला. असला चोर वडापवाला असत नाही. हा हात मुरलेला माणूस. काम वाईट व्हावं असं मनात आहे, पण ओतलेलं काँक्रीट सुकं पडलेलं त्याला बघवत नाही.

चहाच्या टपरीवर दोन प्रश्न टाकले आणि नाव मिळालं. नगरपरिषदेचा जुना मुकादम, तीन वर्षांमागं निवृत्त, घर फाटकापासनं हाकेवर, रोज पहाटे फिरायला रुळाच्या कडेनं जाणारा.

आता नियम असा की, हवालदाराला काही कळलं तर ते तपासी अधिकाऱ्याला सांगायचं, स्टेशन डायरीत नोंदवायचं. मी काही केलं नाही. त्या दुपारी माझी कुंडलला बंदोबस्ताची ड्यूटी होती. म्हटलं, उद्या सावकाश येतो, म्हाताऱ्याला एकटा उचलतो, आणि एकदा तरी माझा फोटो येऊ दे. रात्री झोप छान लागली.

बुधवारी सकाळी पुन्हा पत्रे गायब. मालगाडी गेली, फाटक उघडलं, सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. गर्दीत एका अंगणवाडी सेविकेची स्कूटी सरळ खड्ड्यात. उजवा हात मनगटात मोडला. दहा वाजता मुख्याधिकाऱ्यांनी नव्या मुकादमाला नोटीस दिली: निष्काळजीपणा, कामावरून कमी का करू नये. त्याच्यावर गुन्हा दाखल करायचीही तयारी चालली. तो ठाण्याच्या पायरीवर बसून मला एवढंच म्हणाला, "मी पत्रं लावली होती वो."

तेव्हा मी जे येतं तेच केलं. म्हाताऱ्याच्या घरासमोरच्या दुकानात उभा राहिलो आणि नगरपरिषदेच्या इंजिनियरसाहेबांच्या नाकातल्या आवाजात त्याला फोन लावला. म्हटलं, फाटकाजवळ कुणीतरी अडाण्यानं आळी घातलीत, पाणी थांबत नाही, आठवड्यात तडे जाणार, तुमच्या वेळी असलं नव्हतं.

समोर म्हातारा ओट्यावर ताडकन उठला. "कोण म्हंतंय तडं जाणार? दोन बोटं पाणी हुबं हाय तितं. मी सोता घातलंया. तीन दिस झालं घालतोय." मी फोन ठेवला आणि रस्ता ओलांडून त्याच्यापुढं जाऊन बसलो.

चौकशीत मी त्याला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. तो आपणहून बोलला. तीस वर्षं मुरूम टाकला, डांबराचे खड्डे भरले, पावसात पुन्हा भरले, गावानं पुन्हा शिव्या घातल्या. काँक्रीटचा रस्ता एकदाही वाट्याला आला नाही. आणि हा कालचा माणूस, मुख्याधिकाऱ्यांशेजारी उभा राहून नारळ फोडतो, पेपरात त्याचा फोटो येतो. "लोकांनी त्येला हसावं, एवडंच मनात हुतं. कोण पडंल आसं न्हाई वाटलं," म्हणाला. बाईचा हात मोडल्याचं सांगितल्यावर त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत घातलीच नाही.

त्याचा फोटोवरचा राग मला समजावून सांगावा लागला नाही. तसल्याच रागानं मी भजी खात आलो होतो.

नव्या मुकादमाची नोटीस मागं घेतली गेली. म्हाताऱ्यावर गुन्हा दाखल झाला. पेपरात फोटो आला तो फौजदाराचा, कारण तपास त्याचा. इंजिनियरचा आवाज काढल्याबद्दल मोठ्या साहेबांनी मला बोलावून झाडलं, ते मी हसत सोसलं. या केसनं मला शिकवलं ते एवढंच: दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून माणूस फार काही करत नाही. कधी चार पत्रे सरकवतो. कधी तोंडात आलेलं गिळतो. खड्डा आधीच खणलेला असतो.

हे शहाणपण मात्र मला माझं मला सुचलं नाही. बाईंचा जबाब घ्यायला मीच गेलो होतो. हात प्लास्टरात, गळ्यात झोळी. त्यांचं मन रमावं म्हणून सगळी हकीकत रंगवून सांगितली, इंजिनियरचा आवाज काढून दाखवला. त्या हसल्याही. मग म्हणाल्या, "ते पाण्याचं तुमाला कवा उमजलं?"

मी फुशारकीत म्हणालो, मंगळवारीच.

त्यांचं हसू थांबलं. "मी बुधवारी पडले, दादा."

मी काहीतरी बंदोबस्ताचं सांगायला लागलो. त्यांनी मधेच तोडलं. "एक फोन करायला किती येळ लागतो? आवाज तर शंभर जणांचे काढता. त्या दिवशी सोताचा एक निघंना व्हय? त्या म्हाताऱ्याला ठावं नव्हतं कोण पडंल. तुमी पोलीस हाय, तुमाला ठावं हुतं. महिनाभर माझी लेक माझी येणी घालणार हाय. तिला काय सांगू, हवालदारांना फोटो पायजे हुता?" डाव्या हातानं त्यांनी माझ्यापुढचा कागद माझ्याकडं सरकवला. "लिवा आता. मंगळवारपास्नं लिवा. आन् समदं लिवा."